खांबाचं तोंड

खस्स... खस्स... खस्स.

दुपारच्या गप्प घरात एवढाच आवाज आला आणि सत्यभामेचा हात शालूच्या कपाळावरच थांबला. लेकीचा ताप आत्ताच घामावर उतरला होता. सहा वर्षांचं ते एवढंसं अंग, गोधडी भिजवून, एकदाचं झोपलं होतं. आणि स्वयंपाकघरात सासूबाईंनी सहाण मांडली होती.

काय उगाळणं चाललंय ते तिला न बघताच कळलं. चंदनाचा आवाज मऊ येतो, वेखंडाचा जरा भरडा. हा दगडावर दगडाचा आवाज होता. खांबबाबानं भक्तांना वाटलेला, त्याच्या खांबाचा तुकडा.

"आत्याबाई, आताच डोळा लागला तिचा," ती दारात येऊन हळू म्हणाली.

"लागू दे ना माय. उठली का चाटवीन." मंजुळाबाईंनी तुकडा बोटांत धरून उजेडाला दाखवला. "पाह्य. तेरा दिस झाले उगाळू उगाळू. कणभर तरी कमी झाला का? चंदनाचं खोड असतं तं आतापावतर अर्धं झालं असतं. बाबा म्हनते, अक्षय हाय हा. खोटं काय मंग त्याच्यात?"

सत्यभामेची नजर फडताळाकडे गेली. चिखलीच्या दवाखान्यातून आणलेली तापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांची बाटली तिथे असायची. तेरा दिवस झाले, ती तिथे नव्हती. 'कडू गोळी आन देवाचा दगड एका पोटात नांदत नाही,' असं बाबानं सांगितलं होतं. आणि तेरा दिवस झाले, शालूचा हिवताप दिवसाआड, ठरल्या वेळी येत होता. मागच्या पाळीला तिचे डोळे पांढरे झाले होते.

उंद्रीत त्या वर्षी दिवाळीनंतर दुसरा विषयच नव्हता. दर गुरुवारी नाल्याकाठच्या मठापुढे पाय ठेवायला जागा नसे. मेहकरकडून, पार डोणगावाहून बैलबंड्या येत. खामगावचे कापसाचे व्यापारी मोटारीतून उतरत आणि धोतराचा सोगा सावरत चिखल तुडवत. मधोमध चौथरा आणि चौथऱ्यावर पुरुषभर उंचीचा तो खांब. अंगावर झाडाच्या सालीसारखे उभे ओरखडे, रंग जुन्या लाकडासारखा तांबूस काळा. पण हात लावावा तर गार, टणक दगड. चाकूनं खरवडलं तर चाकूची धार जाई. बूड चौथऱ्यात गाडलेलं, डोक्यावर पितळी टोप.

खांबाच्या शेजारी खांबबाबा. भरल्या अंगाचा, तुळतुळीत डोक्याचा, आवाज असा की शेवटच्या बंडीतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जावा.

"लाकूड जळते का नाई जळत?"

"जळते, बाबा."

"वाळवी खाते का नाई खात?"

"खाते, बाबा."

"दगडाले वाळवी खाते?"

"नाई खात, बाबा."

"मंग तुमी काऊन लाकडं होऊन राह्यले बे? दगड व्हा. हा दगड ज्याच्या पोटात गेला, त्याले ताप नाई, खोकला नाई. यमानं चावा घेतला तं यमाचे दात पडतीन."

लोक हसत आणि हातही जोडत. हसत असलेला माणूस प्रश्न विचारत नाही, हे बाबाला पक्कं ठाऊक असावं, असं सत्यभामेला वाटे. मग तो एकदम आवाज खाली आणी. "पन शिंदी पिनाऱ्यानं खांबाले शिवू नोका. शिंदीच्या थेंबानं दत्ताच्या झाडाले विटाळ होते." पुढे बसलेले दोघंतिघं हळूच मागे सरकत.

आणि शेवटी नेहमीची हाक. "आमचा साक्षी कोन? उभा राह्य, अर्जुन मिस्तरी."

मग सत्यभामेचा नवरा उभा राही. अर्जुन, उंद्रीचा सुतार. लाजत, पण छाती थोडी पुढे काढून, तो सांगे: दसऱ्याला बाबाच्या सांगण्यावरून त्यानंच विहिरीजवळचा उंबर तोडला, साल न काढता पुरुषभर खांब केला आणि साऱ्या गावासमोर या जागेवर रोवला. बाबानं भोवती कापडाची कनात लावली. एक्केचाळीस दिवस आत कोणी गेलं नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी कनात उघडली, तर लाकडाच्या जागी दगड. दत्ताचा उंबर दगड झाला होता.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच लोकांचा विश्वास बसला होता. अर्जुन मिस्तरी सागाच्या नावावर कडुनिंब कधी खपवत नसे, हे चार गावांना माहीत होतं.

सत्यभामेला मात्र त्या गोष्टीत एक बारीक कुसळ टोचत असे. कनात उघडली त्याच सकाळी ती नाल्यावर धुणं घेऊन गेली होती. मठाच्या मागच्या ओल्या मातीत बंडीच्या चाकोऱ्या उठल्या होत्या. मठाकडे जाताना वीतभर खोल, आणि परतताना बोटभर. ती अर्जुनला म्हणाली होती, "जड काहीतरी आलं न हलकी बंडी गेली." तो म्हणाला होता, "भक्तांचा शिधा असंन." पण शिध्यासाठी मठाच्या मागच्या बाजूनं कोण येतं?

त्याच दिवशी, रविवारी, ऊन कलल्यावर मंजुळाबाई मठातून आल्या त्या घाईनं, पदर सावरत.

"सत्यभामा, बाबानं उपाय सांगला. आता गुरुवारी पोरीची पाळी हाय ना? त्या दिवशी तिले खांबाले टेकून बसवाची. सूर्य उगवल्यापासून मावळेपावतर. पान्याचा थेंब नाई द्याचा. ताप दगडात उतरून जाते म्हनते."

"तापात पानी नाई?" सत्यभामेचा आवाज चिरकला. "आत्याबाई, तिच्या ओठाची सालं निंगून राह्यली."

मंजुळाबाई खाली बसल्या. "याच तापानं माहे दोन लेकरं नेले. तुले ठाऊक हाय. तवा म्या सारं केलं, हा एकच उपाय नव्हता. आता आलाय तं नाई म्हनू?"

सत्यभामेनं सासूच्या पाठीवरून हात फिरवला आणि सहाण धुवायला घेऊन गेली. रडायचं तर भांडी धुताना, हा तिचा नेम होता.

पण रडणं राहूनच गेलं. सहाणेवरून बोट फिरवताना मध्यभागी ते खाली उतरलं. तिनं पुन्हा फिरवलं. तेरा दिवसांपूर्वी तिथे एवढा खळगा नव्हता. सहाण झिजली होती, आणि तुकडा तसाच होता. काळ्या दगडाच्या सहाणेपेक्षा तो कितीतरी टणक होता, गारगोटीसारखा. म्हणजे तेरा दिवस शालूच्या जिभेवर जे गेलं ते खांबाचं नव्हतंच. आपल्याच घरातल्या सहाणेची पूड मधात कालवून लेकराला चाटवत होतो.

तिनं तुकडा पाण्यात बुडवून वर काढला. उगाळून उगाळून त्याची एक बाजू आरशासारखी गुळगुळीत झाली होती, आणि ओली झाल्याबरोबर त्या बाजूवर काहीतरी उमटलं. ठिपके. बारीक, काळपट, मोहरीएवढे. एका कडेला दाटीवाटीनं, दुसरीकडे सुटे सुटे. प्रत्येक ठिपक्याला एका बाजूनं गडद टोपी.

सत्यभामा खामगावच्या पुंजाजी सुताराची लेक. पुंजाजी जिनिंगमधल्या लाकूडकामाला जात, आणि लाकूड घ्यायला बाजारात निघाले की धाकट्या लेकीला बरोबर नेत. ओंडका आडवा कापला की जो गोल दिसतो, त्याला ते तोंड म्हणत. 'साल रंगवता येते, वास लावता येते,' ते सांगत, 'तोंड बदलता येत नाही. थुंकी लाव, पुस, आन पाह्य.' दहाव्या वर्षी ती हातात दिलेला कुठलाही तुकडा, एकदा तोंड पाहिलं की, ओळखत असे. सागाला वर्षावर्षाची कडी. बाभळीला पांढुरके टिपके आणि बारीक रेघा. उंबराला लाटा, एकीआड एक फिकट आणि गडद, जशा डबक्यात खडा टाकल्यावर उठतात तशा.

आणि असे सुटे ठिपके?

ती देवघरात गेली. अर्जुननं त्या खांबाचाच उरलेला तुकडा हळदकुंकू लावून देवापाशी ठेवला होता. तिनं नमस्कार केला, तो उचलला, आणि तशीच अर्जुनच्या कामाच्या पडवीत गेली.

अर्जुन रंधा मारत होता. तिनं पटाशीनं त्या तुकड्याचं तोंड एकदा साफ केलं, ओल्या बोटानं पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे काय हाय?"

"देवाचं काऊन उचललं तू? माह्या खांबाचं टोक हाय ते."

"याच्या तोंडावर काय दिसते?"

"लाटा. उंबराले लाटाच राह्यते."

मग तिनं दगडाचा ओला तुकडा पुढे केला. अर्जुननं तो घेतला, उजेडाकडे नेला, अंगठ्यानं पुसला, पुन्हा थुंकी लावली. त्याच्या कपाळावर हळूहळू आठी उमटत गेली.

"ठिपके हायेत," तो म्हणाला.

"कशाच्या तोंडावर असे ठिपके राह्यते?"

त्याला माहीत होतं. गोठ्यात गुरांना पाणी जायला जे पन्हळ लावलं होतं ते शिंदीच्या, जिच्या रसाची दारू होते त्या झाडाच्या, खोडाचं होतं, आणि त्याचं कापलेलं टोक दोघांच्याही डोळ्यांपुढे होतं.

"दगड झाल्यावर बदलत असंन," शेवटी तो म्हणाला.

"कणकेचा गणपती केला न तो वाळला, तं त्याचा मारुती होते का?"

अर्जुनला हसू आलं आणि लगेच रागही. "तुले समजते का? म्या साऱ्या तालुक्यासमोर साक्ष देली."

"खोटी नाई देली. तुमी उंबर रोवला, खरं हाय. कनात उघडल्यावर जे निंगालं त्याचं तोंड तुमी पाह्यलं का?"

"बूड गाडलेलं हाय. वर टोप हाय."

"तेच तं माह्यं म्हननं. सुताराच्या गावात दोन्ही तोंडं झाकून ठेवली."

तो रंध्यावर हात ठेवून उभा राहिला. पडवीत लाकडाचा भुसा उन्हात तरंगत होता. "आन उद्या सारं खोटं निंगालं तं? लोक म्हनतीन, अर्जुन मिस्तरी बी त्याच्यात होता. लाकडाचं काम कोन देईन मले?"

"ते मले नाई सांगता येत," ती म्हणाली. "शालूले गोळी भेटन, एवढं ठाऊक हाय."

त्या दिवशी मग त्यानं रंधा हातात घेतला नाही.

गुरुवारी सूर्य वर आला तेव्हा मठापुढे जत्रा होती. मंजुळाबाई शालूला कडेवर घेऊन आधीच आल्या होत्या. त्यांनी तिला खांबाला टेकवून बसवलं. पोरीला अजून ताप भरला नव्हता. ती लोकांकडे टुकूटुकू पाहत होती. सत्यभामेच्या काखेत पाण्याची घागर होती.

"पानी नाई, बाई," बाबा म्हणाला, तसा गोडच.

"पोरीले नाई, बाबा. देवाले हाय." सत्यभामेनं पदर डोक्यावर घट्ट ओढला. "इतके दिस झाले, दत्ताच्या डोक्यावर एक तांब्या पानी नाई पडलं. टोपावर वतलं ते काय देवाले पोचते? टोप काढून अभिषेक करू द्या. साऱ्या बायकांची इच्छा हाय."

बायकांची अशी काही इच्छा तोवर नव्हती. पण ऐकताक्षणीच झाली. "हाव, हाव, बरोबर हाय," मागून आवाज उठले. बाबाच्या डोळ्यांची पापणी एकदा हलली. बाकी चेहरा तसाच.

"मस्तक उघडं पाहीन त्याचे डोळे जातीन."

"मंग पयले माहे जाऊ द्या," अर्जुन गर्दीतून पुढे आला. हातात लाकडी हातोडी. "रोवला बी म्याच होता."

बाबानं स्वतःच त्याला महिनाभर उभं करून करून साक्षीदार केलं होतं. आता त्याच साक्षीदाराला लोकांनी वाट करून दिली. बाबाचा चेला आडवा आला, पण बायकांच्या रेट्यात बाजूला झाला. अर्जुन चौथऱ्यावर चढला. टोप राळ लावून पक्का बसवलेला होता. देवाच्या टोपाला राळ कशाला लागते, हा प्रश्न पुढच्या ओळीत बसलेल्या भगवंतराव मास्तरांच्या तोंडून बाहेर पडला, पण कुणी ऐकला नाही. चार ठोके पडले. टोप निघाला.

अर्जुननं घागर रिकामी केली. पाणी खांबावरून ओघळत शालूच्या पाठीवर आलं आणि ती खुदकन हसली.

तो वाकून पाहत राहिला. सुतारानं तोंड पाहावं तसं, अंगठ्यानं पुसून, एकदा या कडेनं, एकदा त्या कडेनं.

"डोळे गेले का?" खालून कुणी विचारलं.

"हायेत," तो म्हणाला. "उंबर नाई हा."

त्यानं खिशातून त्या उंबराचा तुकडा काढला. "हा म्या रोवलेल्या खांबाचा उरलेला तुकडा. याच्या तोंडावर लाटा हायेत. वर दगडात काय हाय ते मी नाई सांगत. एकेकानं वर चढून तुमीच पाहा."

आधी कुणी हलेना. मग झुंबरबाई पुढे झाली. सत्तरीची, तोंडानं फटकळ. गावात सरकारी परवान्याचं शिंदीचं दुकान होतं तेव्हा ते तिच्या नवऱ्याचं होतं. दोघांनी तिला वर चढवलं. तिनं पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

"काय व बाई," ती म्हणाली. "हे तं शिंदीचं खोड. असल्याच खोडावर बसून तीस वर्सं शिंदी विकली म्या."

मग मागच्या ओळीतून एक हसू फुटलं, आणि ते पुढे पुढे येत साऱ्या जत्रेत पसरलं. आतापर्यंत मागे सरकून बसणारे ते दोघंतिघं सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

बाबा डळमळला नाही. "ही माया हाय," तो गरजला. "कलियुगात देव वाट्टेल ते रूप घेते. तुमच्या पापानं उंबराची शिंदी झाली."

"मंग मठातच दुकान टाका ना, बाबा," कुणीतरी ओरडलं.

"पण माझा एक साधा प्रश्न आहे," भगवंतराव मास्तर उठून उभे राहिले. ते शाळेत बोलत तसंच पुस्तकी सगळीकडे बोलत. "हा खांब दुसरा असेल, तर अर्जुनरावांचा उंबर गेला कुठे?"

सत्यभामेला बंडीच्या चाकोऱ्या आठवल्या. ती मठाच्या मागे चालू लागली आणि लोक तिच्यामागे. नाल्याच्या वळणावर बेशरमाच्या झुडपांत, अर्धा चिखलात रुतलेला, तो पडला होता. आणि त्याला पालवी फुटली होती. ओल्या मातीत पडलेल्या हिरव्या उंबराला फुटतात तशी कोवळी, तांबूस पानं. अर्जुननं चिखल पुसला. टोकाला त्याच्या पटाशीच्या तीन खाचा होत्या, तो प्रत्येक लाकडावर करतो तशा.

दगड झालेला खांब इथं पानं काढून बसला होता.

लोकांनी घेरल्यावर चेल्यानं मग सगळं सांगितलं. डोणगावच्या बाजूला विहीर खणताना काळ्या पाषाणाखालच्या मातीत असे खोडासारखे दगड निघाले होते. बाबानं त्यातला सर्वांत मोठा रात्रीतून आणवला, कनातीआड उभा केला, आणि उंबर नाल्यात टाकला. वाटायचे तुकडे त्याच विहिरीवरचे. पोत्यात भरून ठेवलेले होते.

"पन तुकडा झिजत नाई," एक बाई रडवेली होऊन म्हणाली. तिच्या काखेत किरकिरं मूल होतं. "म्या स्वता उगाळला. महिना झाला, तसाच हाय. ते तं खोटं नाई?"

सत्यभामा तिच्याजवळ गेली. "घरी जाऊन सहाणेवर बोट फिरवून पाह्य. तुकडा नाई झिजला, सहाण झिजली. आपन लेकराइले सहाण खाऊ घातली."

प्रत्येकीचं बोट मनातल्या मनात घरच्या सहाणेवर फिरत होतं.

या गडबडीत बाबा कोणत्या बंडीत बसला ते कुणी पाहिलं नाही. मंजुळाबाई चौथऱ्यापाशी शालूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरीला हुडहुडी भरू लागली होती. त्यांनी सुनेकडे न बघता कनवटीला हात घातला. गोळ्यांची बाटली त्यांनी फेकली नव्हती, कुणाला दिली नव्हती. तेरा दिवस, आणि त्यावर हे चार, ती त्यांच्या कमरेलाच होती.

"पानी आन," त्या म्हणाल्या. "पोरीले पानी आन पयले."

शालूनं गोळी तोंडात घेतली आणि चेहरा असा वेडावाकडा केला की आजीला हसू आलं. मग ते हसू फुटून त्या रडायला लागल्या. सत्यभामेनं दोघींना एकाच पदराखाली घेतलं.

पुढच्या पाळ्यांना ताप आला, पण कमी. पौषात तो यायचा थांबला.

मास्तरांनी दरम्यान खांबाचा एक तुकडा टपालानं नागपूरच्या कॉलेजात पाठवला होता. फाल्गुनात उत्तर आलं. ते वाचायला अर्जुनच्या पडवीत माणसं जमली. अर्जुनकडची कामं कमी झाली नव्हती. उलट लोक आता त्याच्याकडून लाकूड घेताना तोंड पाहायला मागत, आणि तो कुरकुरत का होईना दाखवत असे.

पत्रात होतं ते मास्तरांनी सोपं करून सांगितलं. तिकडे त्यांनी दगडाची कागदाइतकी पातळ चकती कापली, काचेवर चिकटवली, उजेड खालून सोडला आणि भिंगातून पाहिलं. सत्यभामेला जो ठिपका दिसला होता, तो एक ठिपका म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड पाणी वर नेतं त्या नळ्या. साग, उंबर, बाभूळ यांच्यात या नळ्या सालीच्या आत कड्यानं वाढणाऱ्या सलग लाकडात असतात. ताड, माड, शिंदी यांच्यात जुड्या सुट्या, सालीकडे दाट आणि मध्ये विरळ. म्हणून हे ताडाच्या कुळातलं झाड.

"म्हंजे शिंदीच," झुंबरबाई म्हणाली.

"नाही. तेवढं ते म्हणत नाहीत. याचं पान नाही, फळ नाही, नुसतं खोड आहे. खोडावरून कुळ सांगता येतं, नेमकी जात नाही. म्हणून त्यांनी नाव दिलं ते एवढंच, ताडकुळातलं लाकूड. शिंदीची कोणी फार जुनी नातलग असेल."

"आजेसासू," झुंबरबाई म्हणाली आणि तिचं समाधान झालं.

"आन दगड कसा झाला मंग?" अर्जुननं विचारलं. "ते तं खरंच हाय ना. लाकूड व्हतं न दगड झालं."

"झालं. पण एक्केचाळीस दिवसांत नाही. हे झाड चिखलात गाडलं गेलं. वर जमिनीतून निघालेला तापलेला रस पसरून थिजला. तोच आपला काळा पाषाण. मग जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली गारगोटी एकेका नळीत, एकेका कणाच्या जागी बसत गेली. लाकूड गेलं, त्याचा साचा राहिला. याला लागली कोट्यवधी वर्षं. तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता."

कोट्यवधी हा आकडा तिथे कुणालाच हाताळता येत नव्हता.

"म्हंजे बाबापेक्षा बी मोठी गोष्ट हाय ही," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या.

"मोठी आहे. आणि त्यात कनात नाही," मास्तर पत्राची घडी घालत म्हणाले. "पण ऐका. बाबा म्हणाला म्हणून तुम्ही दगड चाटलात. आता नागपूरवाले म्हणाले म्हणून हे मान्य करू नका. हा तुकडा इथे आहे, पाणी आहे, पन्हळाचं खोड गोठ्यात आहे. शेजारी शेजारी ठेवा आणि पाहा. जो पाहू देतो त्याचं ऐका. जो टोपाला राळ लावतो त्याला आधी विचारा, का लावली. आणि लेकराला ताप आला तर दवाखान्यात न्या."

लोक उठले. दोघंजण खरंच गोठ्याकडे गेले, आणि 'हे पाह्य, हे पाह्य' असे त्यांचे आवाज येत राहिले.

शालू सत्यभामेच्या मांडीवर होती, गाल आता भरलेले. तिनं तो ओला तुकडा मुठीत धरला होता. सत्यभामेनं एकेका ठिपक्यावर तिचं बोट ठेवून दाखवलं. इथून पाणी वर जायचं, शेंड्यापर्यंत, पानापानात. लेकीला सगळं समजलंय असं तिला वाटलं आणि मनात फार बरं वाटलं. आज काहीही विचार, मला सांगता येईल, असं वाटण्याचा तो दिवस होता.

शालूनं तुकडा उलटासुलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"माय, तवा मानसं नव्हते ना? मंग या झाडाच्या सावलीत कोन बसे?"